संभाजीच्या रक्ताचा चढता काटा

मी एक जुना ज्योतमापक आहे, मित्रांनो. नाव जड, पण काम सरळ. रक्तातले पाणी नळीने ओढून ज्योतीवर फवारायचे आणि त्यात पोटॅशियम नावाचा क्षार किती, ते काट्याने दाखवायचे. हा क्षार पाचच्या आत बरा. फार चढला की माणसाचे काळीज बंद पडते.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने काढून टाकलेला मी १९५६ साली बारामतीच्या एका दवाखान्यात आलो. डॉक्टर मोहनराव मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांचे रक्त सकाळ-संध्याकाळ मला दाखवत आणि चौकटीच्या कागदावर रेघ ओढत. एका आकड्यावर जाऊ नये, रेघ कुठे चालली ते पाहावे, असे ते म्हणत. कंपाउंडर हैदर माझी नळी रोज धुवायचा. मोठ्या मानाचे दिवस होते ते.

मग पिंपळीचा संभाजी आला. उसात घोणस चावलेली, लघवी बंद, काटा सहाच्या वर. इंजेक्शनांनी रेघ उतरली. चौथ्या दिवशी थोडी लघवी झाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी मी साडेसहा दाखवले. दुसऱ्या सकाळी काटा सातवर.

"हे डबडं बिघडलंय!" डॉक्टर चिडले. मला फार लागले. हैदरने आकडा आधीच ठाऊक असलेले मापाचे पाणी माझ्यातून काढून पाहिले. मी बरोबर होतो. इकडे संभाजीची नाडी अडखळू लागली होती, आणि मला काही ओरडता येत नव्हते.

हैदर खाटेकडे धावला. माझे टेबल त्या खोलीच्या दाराशीच होते, म्हणून मला सगळे दिसत होते. संभाजीची आई तानूबाई लेकाला मोसंबीचा रस पाजत होती. भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या मोसंब्यांनी खाटेखालची टोपली भरली होती.

"आई, हे कधीपासून देताय?"

"काल दुपारधरनं. तुमी मीठ न्हाय म्हणला हुता, म्हणून बिनमिठाचा हाय."

हैदरने पेला काढून घेतला. मोसंबीत हाच क्षार भरपूर असतो. डॉक्टरांनी लगेच शिरेत इंजेक्शन दिले. दुपारी काटा साडेसहावर आला. संध्याकाळी सहावर. तिसऱ्या दिवशी पाचवर!

तानूबाई कपाळ बडवू लागली. डॉक्टरांनी तिचे हात धरले. "तुमचं चुकलं नाही, तानूबाई. फळांचं मीच सांगितलं नव्हतं."

आज माझी नळी बुजली आहे, अंगावर धूळ आहे. मित्रांनो, यंत्रे धुऊन-पुसून ठेवा, एवढी विनंती आहेच. पण काटा चढला तर यंत्राला शिव्या घालण्याआधी रोग्याच्या उशाशी बसलेल्या आईला विचारा. मी फक्त सात म्हणालो होतो. संभाजी वाचला तो हैदरने विचारले म्हणून.