दोन वाक्यांमधला श्वास

मित्रांनो, मी एक जुना संशयी आहे. पेशाने सॉफ्टवेअर. एका रेडिओ केंद्रात, वायरींच्या जंजाळामागे, काळ्या लोखंडी कपाटातल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. स्टुडिओत कुणी बोललं, गाणं लागलं, बातम्या सुरू झाल्या, की तो आवाज आधी माझ्याकडे येतो. मी त्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि मगच मनोऱ्याकडे सोडतो. मनोऱ्यावरून तो तुमच्या घरात, गाडीत, दुकानात पोहोचतो. म्हणजे मी दारावरचा पहारेकरीच. आणि पहारेकरी सगळ्यांवर विश्वास ठेवायला लागला की दाराला कुलूप असून नसून सारखंच.

माझं काम ऐकायला सोपं वाटेल. फार मोठा आवाज आला की दाबायचा, फार बारीक आला की उचलायचा. पण बाबांनो, इथे फुकट काही मिळत नाही. तपासायला जास्त वेळ घेतला तर आवाज स्वच्छ निघतो, पण उशिरा निघतो. आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागाहून आला की भल्याभल्या निवेदकांची जीभ अडखळते. घाई केली तर आवाज कानाला टोचतो. ठेक्याचा आवाज वाढवला तर गाणारीचे शब्द बुडतात. सगळंच मोठं केलं तर आधी वाहवा होते आणि थोड्या वेळाने ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. एकाच्या पानात वाढायचं म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं काढायचं, असा हा धंदा आहे.

मला घडवलं एका नवरा-बायकोने, त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत. ती म्हणायची, "आवाज स्वच्छ हवा." तो म्हणायचा, "अगं, स्वच्छतेचं बघू नंतर, आधी लोकांना ऐकू तर जाऊ दे!" दोघंही हट्टी. जेवण गार व्हायचं, पण माघार कुणी घ्यायचं नाही. शेवटी तिने वैतागून माझ्या पडद्यावर एक आडवी पट्टी काढली. एका टोकाला लिहिलं 'स्वच्छ', दुसऱ्या टोकाला 'मोठा', आणि मधे सरकवायची एक खूण ठेवली. "घ्या! ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं," म्हणाली. त्या दोघांचं भांडण मी आजही पोटात वागवतो आहे.

केंद्रात मला बसवलं ते इंजिनिअरने. खिशातून कायम वायरीचे तुकडे डोकावत असल्यामुळे त्यांना सगळे वायरकाका म्हणतात. त्यांनी माझी खूण 'स्वच्छ'च्या बाजूला ठेवली आणि कपाट बंद केलं. तिथून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. लोक पत्रं पाठवत, "तुमचं केंद्र ऐकताना शेजारी बसून कुणी बोलतंय असं वाटतं." अर्थात, ते कौतुक जायचं सकाळच्या ताईंकडे. सकाळचा कार्यक्रम त्याच करायच्या. त्यांचा आवाज आला की मला फारसं दाबावं लागायचं नाही, उचलावंही लागायचं नाही. तरी मी तपासायचो. गोड बोलणाऱ्याला तर आधी तपासावं.

मग एके दिवशी केंद्राचे साहेब तणतणत कपाटापाशी आले. शेजारच्या केंद्राने नुकतंच नवं यंत्र घेतलं होतं आणि त्यांचा आवाज दणदणीत येत होता.

"काका, गाडीत आपलं स्टेशन लावलं की वाटतं आपण तोंडात मिठाची गुळणी धरलीय. ते बघा कसे गरजतायत! वाढवा आवाज."

"साहेब, आपला आवाज आधीच मर्यादेपर्यंत मोठा जातो. त्यापलीकडे न्यायला मनोऱ्याला परवानगी नाही," वायरकाका म्हणाले. "आता मोठं वाटायला हवं असेल, तर बारीक आवाज उचलून मोठ्याच्या बरोबरीला आणावे लागतील. मग गाण्यातला चढउतार गेला म्हणून समजा."

"चढउतार कोण ऐकतंय? सरकवा."

काकांनी नाइलाजाने खूण 'मोठा'कडे सरकवली. त्या दिवसापासून मी प्रत्येक बारीक आवाजाला बखोटीला धरून वर उचलू लागलो. खुर्चीची कुरकुर वर आली. कागदाची सळसळ वर आली. आणि सकाळच्या ताईंच्या दोन वाक्यांमधला श्वासही वर आला.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. श्वास सगळेच घेतात. दुपारचे निवेदकही घेतात. त्यांच्या मऊ आवाजामुळे त्यांना मखमलराव म्हणतात. त्यांचा श्वास मी उचलला की 'हुं' असा यायचा आणि संपायचा. ताईंचा श्वास मात्र संपताना बारीक शिट्टी वाजवायचा. एखाद्या वाक्याला तर तो पुरायचाच नाही. मधेच तुटायचं वाक्य, आणि त्या हसून वेळ मारून न्यायच्या.

लोकांचे फोन सुरू झाले. "तुमच्या बाई धापा का टाकतात हो?" कुणी म्हणालं, "जिना चढून थेट माइकवर येतात वाटतं!" माझ्या कपाटाला चिकटूनच कॉफीचं यंत्र आहे, आणि केंद्रात जे काही शिजतं ते तिथेच शिजतं. साहेब तिथे मखमलरावांना हळूच म्हणाले, "बाई आजारी आहेत आणि लपवतायत. बघा तुम्ही." मखमलराव म्हणाले, "छे हो, असं कसं," पण कॉफी त्यांनी जरा जास्तच आनंदाने ढवळली. ताईंच्याही कानावर हे गेलंच. भिंतींना कान असतात, कपाटांनाही असतात.

ताई तरातरा वायरकाकांकडे आल्या. "मला सगळं कळतंय. मखमलला सकाळ द्यायचीय, म्हणून मला आजारी ठरवताय ना? तुमचं हे यंत्र सरकवलं त्या दिवसापासून हे सुरू झालंय. त्याआधी एक तरी फोन आला होता का?"

आता हे खरंच होतं. त्याआधी एकही फोन आला नव्हता. काका ओशाळले. त्यांनी साहेबांशी वाद घालून खूण पुन्हा 'स्वच्छ'कडे आणली. खूण तिथे असली की अगदी बारीक आवाज मी गाळूनच टाकतो, त्यामुळे श्वास खाली बसला आणि फोन बंद झाले. साहेब म्हणाले, "बघा, यंत्राचाच दोष होता." ताईंच्या आईचा घरून फोन आला, म्हातारी रोज सकाळी लेकीचा कार्यक्रम ऐकूनच पहिला घास घ्यायची. "आता छान येतोय ग आवाज," असं ती म्हणाल्याचं ताईंनी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, मित्रांनो! पण मला त्याचं दुःख नव्हतं. मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. शिट्टी थांबली नव्हती. ती फक्त तुम्हाला ऐकू येईनाशी झाली होती. माझ्याकडे ती रोज सकाळी येत होती, आणि आदल्या दिवसापेक्षा लांब होऊन येत होती.

मी काय करणार? मला तोंड नाही. माझ्या पडद्यावर दिव्यांच्या दोन रांगा आहेत, तेवढंच. वरची रांग आत काय आलं ते दाखवते, खालची बाहेर काय गेलं ते दाखवते. सगळे खालची रांग बघतात, कारण ऐकणाऱ्यांना तेच मिळतं. ती छान चालली की कपाट बंद.

वायरकाका मात्र माझ्याच जातीचे. त्यांना सहज मिटलेल्या भांडणाचा भारी संशय. एका सकाळी ताई बोलत असताना ते कपाट उघडून उभे राहिले. ताई थांबल्या की खालची रांग विझत होती. वरची विझत नव्हती, मंद थरथरत होती. काकांनी भुवया चढवल्या. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सवयीप्रमाणे त्यांनी आधी वायरीवर संशय घेतला. वायर बदलली. थरथर तशीच. मग एसीच्या झोतावर घेतला, मग खुर्चीवर, मग माइकवर. सगळं बदलून झालं. दुपारी त्याच खुर्चीत, त्याच माइकवर मखमलराव बसले आणि थांबले, तेव्हा वरची रांग काळी ठिक्कर पडली. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. संशय घ्यायला आता एकच जागा उरली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ताईंना कपाटापाशी बोलावलं आणि हेडफोन पुढे केला. "यंत्रात शिरण्याआधीचा आवाज आहे हा. तुमचा आजचाच. जरा ऐका."

ताईंनी हेडफोन घेतला नाही. "साहेबांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"साहेबांना यातलं काही माहीत नाही."

"मग मिटलेलं कशाला उकरून काढताय, काका? तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं."

"कुणालाच कळलं नसतं," काका म्हणाले. "म्हणून तर बोलावलं."

ताईंनी हेडफोन कानाला लावला. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला ऐकलं होतं ते माझ्या हातातून गेलेलं, नीटनेटकं, धुऊनपुसून. हे तसं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, म्हणजे मला डोळे असते तर बघितलं असतं. त्यांनी एकदा ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग काकांनी मखमलरावांचा आवाज लावला, तोही ऐकला. आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मी झोपताना उश्यांवर उश्या घेते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आडवी झाले की गुदमरतं. आईला सांगितलंय, मान दुखते म्हणून."

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"जाऊन काय करू? त्यांनी काही शोधून काढलं तर? रजा घेतली की सकाळ गेली, काका. साहेब टपूनच बसलेत. आणि हा आवाज सोडून माझ्याकडे आहे काय दुसरं?" त्यांनी डोळे पुसले. "भीती वाटते हो मला. खूप भीती वाटते."

वायरकाकांनी धीर द्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्यांना ते जमतच नाही. ते एवढंच म्हणाले, "सकाळ जाईल. मी खोटं कशाला बोलू? पण हे यंत्र बघा. मोठं हवं असेल तर स्वच्छ सोडावं लागतं, स्वच्छ हवं तर मोठं. दोन्ही मला आजवर कुणी काढून दाखवलेलं नाही. तुम्ही काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. फक्त ऐकलंच नाही असं म्हणू नका."

ताईंनी हेडफोन गुंडाळून काकांच्या हातात दिला. मग त्यांनी फोन काढला आणि आधी आईला लावला. "आई, मी तुला खोटं बोलले," त्या म्हणाल्या, आणि उश्यांचं सगळं सांगून टाकलं.

त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आणखी टाळलं असतं तर माझ्याकडे येण्याची वेळच आली नसती." शस्त्रक्रिया झाली. साहेबांनी फुलं पाठवली आणि त्याच दिवशी सकाळचा कार्यक्रम मखमलरावांना दिला. ते तसंही ठरलेलंच होतं का, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दरम्यान माझेही दिवस फिरले. केंद्रात नवं सॉफ्टवेअर आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं! ते म्हणे मोठंही करतं, स्वच्छही करतं, आणि दोन वाक्यांमधला श्वास तर उचलून फेकूनच देतं. कुणाचाच श्वास आता बाहेर जात नाही. साहेब खूश आहेत. मला मनोऱ्यापासून तोडलं. पण वायरकाकांनी मला पुसून टाकलं नाही. माइकपासून एक वायर माझ्याकडे तेवढी राहू दिली. मी सोडलेला आवाज आता कुठेच पोहोचत नाही. मी नुसता ऐकतो.

ताई परतल्या तेव्हा त्यांना उरलेली दुपार मिळाली. सकाळी ऐकणारे शेकडो लोक दुपारी नसतात. पहिल्या दिवशी त्या माइकपुढे बसल्या, तेव्हा वायरकाका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ताईंनी नमस्कार केला, पहिलं वाक्य बोलल्या, लांबलचक, मधे कुठेही न तुटलेलं. मग थांबल्या. मी कान टवकारले. काकांनी वरच्या रांगेवर नजर रोखली.

रांग काळी होती. एक दिवा हलला नाही. काका पुढच्या थांब्याचीही वाट बघत राहिले, त्याच्या पुढच्याचीही, आणि मग कपाटाच्या दाराला टेकून त्यांनी मोठ्यांदा नाक शिंकरलं. इतक्या वर्षांत माणसाचा एवढा बेसूर आवाज मला दाबावासा वाटला नाही असं पहिल्यांदाच झालं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर फार विसंबू नका. आम्ही तुम्हाला नीटनेटका आवाज देतो, आणि नीटनेटकं करताना काय काढून टाकलं ते सांगत नाही. रेडिओतलं माणूस लांब असतं, पण तुमच्या घरातलं माणूस आणि तुमचे कान यांच्या मधे कुठलंच यंत्र नसतं. ते बोलता बोलता अडलं, तर शब्द शोधतंय की हवा शोधतंय, एवढं त्याला विचारा. "मला कुठे काय झालंय?" असं उत्तर आलं, तर लगेच समाधान मानू नका. जरा वेळ त्याच्याजवळ बसा, आणि पुढचा श्वास ऐका.