खुशबूच्या हातात मी फिरले

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे. मित्रांनो, क्रिकेटच्या बॅटसारखी मी चपटी नाही. मी गोल, ॲल्युमिनियमची आणि आतून पोकळ आहे. एका कारखान्यात मला घडवले आणि नऊ वर्षांपूर्वी मी मोहाडीच्या एका शाळेत आले.

तिथे धर्मेंद्र सरांनी मला मुलींच्या हाती दिले. सर सांगत, "हाताच्या जोरानं मारू नका. भार मागच्या पायावर घ्या. समोरचा पाय टेकला की कंबर फिरू द्या. हात सगळ्यात शेवटी येतील." चेंडू अर्ध्या सेकंदात येऊन पोचतो. तेवढ्यात पाहायचे, ठरवायचे आणि फिरायचे. घाई केली तर मी नुसता वारा कापते. उशीर झाला तर चेंडू निघून जातो.

खुशबूला हे लवकर जमले. तिची मैत्रीण मेघा चेंडू फेकायची, आणि तिच्यासारखा वेगवान चेंडू शाळेत कोणाचाच नव्हता. दोघींची जिल्ह्याच्या संघात निवड होईल, असे सर म्हणत.

निवडीला आठ दिवस होते. सकाळी खुशबू मला हवेत फिरवून सराव करत होती. घरंगळलेला चेंडू उचलायला मेघा तिच्या मागे आली. खुशबूने मागे पाहिलेच नाही. मेघाने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला आणि मी त्या हातावर आदळले. एकदा कंबर फिरली की मला थांबता येत नाही, मित्रांनो.

मेघाची दोन बोटे मोडली. हाडे जुळली, पण बोटे वाकडीच राहिली. तसा चेंडू तिला पुन्हा फेकता आला नाही. खुशबूने मला शाळेच्या कपाटामागे उभे केले आणि मैदानावर येणेच सोडले.

चार महिन्यांनी मेघानेच मला बाहेर काढले आणि खुशबूपुढे धरले.

"खेळ."

"माह्यानं नाही होत."

"काहून?"

"तुयी बोटं दिसतात."

"दिसू दे. मी तं आता फेकू नाही शकत. तू बी घरी बसली तं दोघींचंही गेलं."

खुशबू मला घेऊन मैदानात उभी राहिली. सर चेंडू फेकू लागले, पण प्रत्येक वेळी तिला उशीर होई. तिची पकड मध्येच सैल पडते, हे मला कळत होते. मैदानाच्या जाळीपलीकडून मेघालाही ते दिसले.

"तुयी कंबर फिरून राहिली, पन हात मधातच थांबून राहिले!"

मग रोज मेघा जाळीआड उभी राहून खुशबूचा पाय टेकायच्या क्षणी ओरडे, "टेक!" तीन आठवडे असेच गेले. एके दिवशी चेंडू मला खुशबूच्या समोरच्या गुडघ्यापुढे नेमका भेटला. तो माझ्या नेमक्या जागी बसला, म्हणून तिच्या हातांना जरासुद्धा झिणझिण्या आल्या नाहीत. चेंडू बांधापलीकडच्या धानात जाऊन पडला.

खुशबू धावली नाही. तिने मला खाली ठेवले, मेघाजवळ गेली आणि तिचा हात धरला.

"लय दुखलं होतं का तवा?"

हे तिने पहिल्यांदाच विचारले होते.

"हाव," मेघा म्हणाली. "लय दुखलं."

मग दोघी रडल्या.

आज माझ्या अंगावर पोचे पडले आहेत. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू हाती घ्याल तेव्हा आधी मागे वळून पाहा. आणि तरीही तुमच्या हातून कोणाला लागलेच, तर त्याच्याजवळ जाऊन विचारायला महिनेच्या महिने लावू नका.