तीन चाकांवर उभा

मित्रांनो, मी एक जुना पतंगाचा कागद आहे. पण माझ्या पाठीला कन्नी कधी बांधली गेली नाही. मी लढाऊ विमान झालो.

पाटोद्याच्या बाजारात शफी फळांचा गाडा लावतो. त्याची मुलगी अदिबा नववीत होती. तिने दोन पातळ कागद पिठाच्या खळीने एकमेकांवर चिकटवले, वाळवले आणि त्यातून मला चौकोनी कापलं. त्यानंतर कात्री माझ्याजवळ आली नाही. शाळेच्या प्रदर्शनाचा नियमच तसा होता : घडी सुरू झाली की काप नाही, जोड नाही, टेकू नाही.

मोबाइलवरची आकृती बघून अदिबा घड्या घालू लागली. शाई संपलेल्या रिफिलने रेघ ओढायची, चमच्याच्या पाठीने दाबायची. आधी माझ्या अंगभर चौकटींची जाळी उमटली. मग टोकदार नाक निघालं, पंख पसरले, मागे दोन शेपट्या ताठ झाल्या आणि पोटाखालून बारीक चाकं बाहेर आली. तिथंच घोडं अडलं. जमिनीवर ठेवलं की मी नाकावर पडायचो. ती मला उलगडायची, पुन्हा घडवायची. मी पुन्हा पडायचो.

तिचा मोठा भाऊ वासिफ मोटारसायकली दुरुस्त करायचा. तो हसला. "आगपेटीची काडी लाव की पोटाखाली. कोन बघायलंय?"

"मी बघायले की," अदिबा म्हणाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रविवार होता. शफीने मला कौतुकाने गाड्यावर, डाळिंबांच्या राशीवर ठेवलं. लेकीनं केलंय, असं तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. ऊन चढलं. फळं ताजी दिसावीत म्हणून त्याने सवयीने बादलीत हात बुडवला आणि राशीवर पाणी शिंपडलं. खळ भिजली. माझे पंख लोंबले, शेपट्या आडव्या झाल्या.

तेवढ्यात अदिबा डबा घेऊन आली. शफी मला ओंजळीत धरून उभा होता.

"माझ्या हातानं वाटोळं झालं, बेटा."

अदिबाने मला घेतलं. पंखाला बोट लावलं आणि ती थांबली. एरवी दाबली की उसळून येणारी घडी आता नेली तिकडे वळत होती. "अब्बा, कपड्याचे चिमटे आना," ती म्हणाली, "आन् याला उन्हात ठेवू नका."

तिने माझं पोट गोल केलं, नाकाखालचा पाय चिमटीत पिळून घट्ट केला, मागच्या चाकांना बाक दिला. मग साऱ्या अंगाला चिमटे लावून मला गाड्याखाली सावलीत ठेवलं. संध्याकाळी चिमटे निघाले. खळ वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. वासिफ गुडघे टेकून माझ्या पोटाखाली काडी शोधू लागला. काडी नव्हती. मी उभा होतो.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. परीक्षकांनी मात्र मला टिचकी मारून पाहिली. मी हललो, पडलो नाही.

आज अदिबा बीडला तंत्रनिकेतनात शिकते. मी गाड्यावर तराजूशेजारी असतो. रंग विटलाय, एका पंखावर पाण्याचा डाग आहे. मित्रांनो, कागदाची वस्तू हातात घ्याल तर पंखाला धरू नका, पोटाखाली तळवा द्या. आणि ती मोडली तर फेकण्याआधी एकदा बोट लावून बघा.

ऊन चढलं की शफी आधी सदऱ्याला हात पुसतो. मला तळव्यावर उचलून वरच्या फळीवर ठेवतो. मगच त्याचा हात बादलीत जातो.