माझं तोंड कुणी लिंपलं?

मी लिथियम-एअर बॅटरी बोलतेय. मध्येच थांबले तर समजून घ्या, मला धाप लागते.

माझा जन्म बावधनच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बंद पेटीत झाला. आमच्या घराण्यात माझ्याइतकी हलकी कुणी नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. तुमच्या मोबाइलमधली माझी चुलतबहीण सगळा शिधा पाठीवर घेऊन फिरते. मी फक्त लिथियम बाळगते, ऑक्सिजन हवेतून घेते. म्हणून किलोमागे माझी ताकद पेट्रोलच्या जवळपास जाते. अर्थात कागदावर. कागदावर मी फारच कर्तबगार आहे!

प्रत्यक्षात नखरेच फार. हवा हवी, पण तिच्यातलं बाष्प नको, कारण लिथियमचं आणि पाण्याचं हाडवैर. शिवाय वीज देता देता माझ्या कार्बनच्या बारीक छिद्रांत पांढरा थर साचतो आणि माझाच श्वास कोंडतो. तो थर काढायला चार्जिंग करावं, तर दिली त्याहून जास्त वीज मी खाते.

मला घडवणाऱ्या अपूर्वाने माझ्या तोंडावर एक पातळ पडदा बसवला. हवा आत, ओलावा बाहेर. तिचे सर म्हणाले, "मुळशीच्या दमट हवेत दिवसभर पंखा चालवून दाखव. नाहीतर हा पडदा विसरायचा आणि दुसरा विषय घ्यायचा." तिची सगळी उमेद त्या पडद्यात होती.

म्हणून आम्ही मुळशीतल्या कोळवणला रत्नाबाईंच्या घरी खोली भाड्याने घेतली. शेतात भात निसवत होतं, धुकं थेट घरात शिरत होतं. सकाळी अपूर्वाने मला पडवीत भात साठवायच्या, शेणमातीने लिंपलेल्या कणगीशेजारी ठेवलं, खेळण्यातला पंखा जोडला आणि ती आंघोळीला गेली. पंखा भिरभिरू लागला. मी खूश!

तेवढ्यात रत्नाबाई आल्या. पडद्यावरचं माझं छिद्राछिद्रांचं झाकण पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्या तोंडावर शेणमातीचा गार लपका बसला होता. जीव घुसमटला, पंखा गपगार.

अपूर्वा आली आणि थांबलेला पंखा बघून रडायलाच लागली. माझ्याकडे न बघताच तिने फोन लावला. "सर, पडदा फेल गेला. मी विषय बदलते." मलाही रडू आलं असतं, पण मला पाणी चालत नाही.

रत्नाबाई चहा घेऊन आल्या. "आगं, रडतीस कशापायी? त्या डब्याला समदी भोकंच हुती. दमट हवेनं किडं पडत्यात. मी लिंपून टाकलं, कणगीवानी. आता वरीसभर बगायला नको!"

अपूर्वाने झडप घालून शेण खरवडलं. आतला पडदा कोरडा ठणठणीत! मी पोटभर श्वास घेतला आणि पंखा फिरला.

"सर, फोनवर आहात ना? धुकंच काय, ओलं शेणसुद्धा अडवलंय पडद्याने!"

"रिपोर्टमध्ये शेण लिहू नकोस," सर म्हणाले. "पण विषयही बदलू नकोस."

दिवेलागणीपर्यंत मी पंखा चालवला. मग पांढऱ्या थराने छिद्रं बुजली आणि मी बसले ती बसलेच. आता बावधनला माझ्या धाकट्या बहिणी घडताहेत. त्यातली एखादी तुमच्या घरी आली तर तिच्यावर माया करा, फक्त तोंड सोडून.

मी कोळवणलाच, कणगीवरच्या फळीवर असते. परवा कणगी लिंपून उरलेला गोळा घेऊन रत्नाबाई माझ्याकडे वळल्या. थबकल्या. गोळा खाली ठेवून त्यांनी पदराने माझी धूळ पुसली.

"घे बाई, घे वारं," म्हणाल्या.

माझा श्वास कधीच संपलाय, हे त्यांना कोण सांगणार? मी आपली घेतल्यासारखं करते.