चढलेली शीर

मी गुणाबाई, गावची सुईण. मार्कंड्यापासून गडचिरोलीपर्यंत माह्या हाताचं नाव आहे, ते काही मी सांगत फिरल्यानं झालं नाई. म्हणून नर्सबाईनं माहं मनगट धरलं तवा माहं डोकंच फिरलं.

माही सून वच्छला बाळंत होऊन नववा दिवस होता. डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत सुजून पांढरा पडला होता. शीर चढली, दुसरं काय? मोहाच्या टोळीचं, म्हंजे बियांचं तेल कोमट केलं आनं खालून वर चोळून शीर उतरवायले बसली. तेवढ्यात ही बाई, चांद्याहून नवीनच आलेली, गावात फेरीवर होती ते सरळ आत.

"हात काढा."

"काऊन? पोट्टी तडफडून राह्यली, दिसत नाई तुले?"

"शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. चोळलं तर ती मरेल."

"माह्या घरात येऊन मरणाचं नाव घेतेस?"

तिनं तेलात बोट बुडवून सारवलेल्या भुईवर रेघा काढल्या. मांडीची शीर जांघेतून पोटात जाते, तिथी दोन्ही पायांच्या शिरा एक होतात, आनं मंग सरळ काळजाकडे.

"उजव्या पायाची धमनी या डाव्या शिरेवरून आडवी जाते, तिला दाबते. म्हणून बाळंतिणीचा बहुतेक डावाच पाय सुजतो."

डावाच. माहा हात तसाच राह्यला.

"आनं गाठ वर गेली तं?"

"छातीत अडकते. बाई उठून बसते, दम लागतो, पाणी मागते. पाणी आणेपर्यंत सगळं संपतं."

दोन सालांमांगं माही मनकर्णा, पोटची पोर, पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. तिचाही डावाच पाय. तीन दिवस मीच चोळला. चौथ्या दिवशी माह्या हाताखालून उठून बसली आनं म्हणे, आई, पाणी दे. मी गडवा भरून आणला तं पोर गेली होती. साऱ्या गावाले मी सांगितलं, बाहेरचं लागलं.

नर्सबाई म्हणे, दवाखान्यात न्यायले बैलगाडीचे धक्के नको, इथीच निजवा. धानाच्या पोत्यावर वच्छलेचा पाय उंच ठेवला. अठरा दिवस मी कोणाले हात लावू दिला नाई. तिनं पाणी मागितलं की माहा जीव गोळा होये.

सूज उतरली, वच्छला हिंडू-फिरू लागली. काल मले म्हणे, "बाई, कंबर चोळून द्या थोडकी. तुमचा हात लय गुणाचा आहे."

मी दोन्ही हात लुगड्यात गुंडाळून घेतले. मनकर्णा बी हेच म्हणे.