अजबबंगल्याची बाग

“तळं डाव्या हाताले नव्हतं,” मी म्हटलं. “उजव्या हाताले होतं. धड पाह्यताबी येत नाही, तर गेली कायले तू?”

मैनाबाईचा भाकर थापणारा हात थांबला. ती माझी धाकटी सवत. भावसिंग आम्हा दोघींचा नवरा. बासष्ट साली नाचगाण्याचा एक ताफा रशियाला निघाला, त्यात भावसिंगचा नगारा आणि त्याच्यासोबत नाचायला एक बायको. गाणी माझी, ठेका माझा, शाळेचं तोंड न पाहता वाचायला शिकलेली तांड्यात मी एकटी. पण ताफा निवडणाऱ्या साहेबाला तरणी हवी होती. ती गेली. मी दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यावर कापूस वेचत राहिले आणि मनानं रोज त्या दोघांच्या मागं हिंडत राहिले. जळणाऱ्या बाईला दुसरं सुचतं काय?

परतल्यापासून मैनाचं एकच पुराण होतं. तिकडला अजबबंगला, म्हणजे वस्तुसंग्रहालय, नागपूरच्या अजबबंगल्याहून मोठा, भिंतीभर चित्रं, मागं बाग, बागेत तळं. मी तिच्या चुका काढायची. पायऱ्या पांढऱ्या नव्हत्या, करड्या होत्या. बाकावर पिवळी पानं पडून होती, ती कोणी झाडत नव्हतं. भावसिंग तंबाखू मळता मळता म्हणायचा, “बरोबर बोलून राह्यली रुपी.” त्याला त्यात नवल वाटत नसे, आणि मलाही त्या सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

“तुले कोनं सांगतलं तळ्याचं?” मैनानं विचारलं.

“त्यानं.”

“तो तळ्याकडं आलाच नाही.”

“मग तूच सांगतलं असशील.”

“मी तं डाव्या हाताले सांगतलं.”

मी बोलायला गेले आणि त्या पाण्याचा शेवाळी वास माझ्या नाकात आला, आपल्या मुलखातल्या कुठल्याच पाण्याला नसतो तसा.

“आता तूच जळून राह्यली का माह्यावर?” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “एकेका चित्रापुढं उभा राहून तुलेच दाखवे तो. रुपी, हे पाह्य. रुपी, ते पाह्य. मी बाजूले उभी.”

ते ऐकून मला इतकं गोड वाटलं की लपवता आलं नाही, मी हसले.

मैनानं माझ्याकडं न पाहता तव्यावरची भाकर उलटवली.

“हास,” ती म्हणाली. “आम्हाले घेऊन तिथून मोटार निघाली तवा तू बागेतच होती, मी पाह्यलं, हाक नाही देल्ली, बाई, तुले तिथंच सोडून आली.”