घरचा निर्णय पाहुण्याने सांगितला

मी एक जुनी कॉफीची किटली आहे. साधीसुधी नव्हे, अमेरिकेतल्या टॉन्टन गावच्या कारागिरांनी घडवलेली, चांदीचा मुलामा दिलेली. मित्रांनो, आज गोदामात पडून काळवंडले म्हणून नाक मुरडू नका. माझी कॉफी ओतल्याशिवाय अमेरिकेच्या शिष्टमंडळाची बैठक सुरू होत नसे.

१९४८च्या मे महिन्यात मी न्यूयॉर्कला होते, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहालगतच्या खोलीत. पॅलेस्टाइनमधून इंग्रज निघत होते आणि तिथे ज्यूंचं नवं राष्ट्र जाहीर होणार होतं. त्याला मान्यता द्यायची का, यावर वॉशिंग्टनला आमचंच सरकार आपसात भांडत होतं. राष्ट्राध्यक्षांची माणसं म्हणत, ज्यांची घरंदारं, मुलंबाळं जाळली गेली त्यांना हक्काचं घर हवं. परराष्ट्र व्यवहार बघणारे म्हणत, घाई केली तर युद्ध पेटेल, तिथल्या अरबांनी जायचं कुठे? मला दोघांचंही पटायचं. पटत नव्हता तो त्यांचा अबोला. एवढे शिकलेले लोक, पण एकमेकांना धड सांगतील तर शपथ.

आमच्या शिष्टमंडळातले ऑर्विल टेट वरच्या हुकुमाने सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना विनवत फिरत. तूर्त राष्ट्र नको, संयुक्त राष्ट्रांची देखरेख असू द्या. एका छोट्या देशाचा प्रतिनिधी आल्वारेस त्यांचा मित्र होता.

"मत देतो तुला," आल्वारेस म्हणाला. "पण आमचे मंत्री माझ्यावर टपलेत. तुमच्याकडे आत काही वेगळं शिजत नाही ना?"

टेटनी त्याच्यादेखत वॉशिंग्टनला फोन लावला. परराष्ट्र खात्यातले त्यांचे वरिष्ठ हॅस्टिंग्ज म्हणाले, "धोरण तेच आहे. बोलत राहा."

"माझा शब्द घे," टेट आल्वारेसला म्हणाले.

चौदा तारखेला संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी नव्या राष्ट्राला मान्यता देऊन टाकली. हॅस्टिंग्जच्या कचेरीला ऐनवेळी कळवलं. त्या कचेरीची रीत अशी, की प्रत्येक मेजावरच्या साहेबाची सही झाल्याशिवाय निरोप दाराबाहेर सोडायचा नाही. सह्या होत बसल्या. इकडे टेट सभागृहात घसा फोडून परतले. मी कप भरला, तोच आल्वारेस आत आला.

"छान बोललास. पाठ केलं होतंस का रे?"

"म्हणजे?"

"तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्यता दिली. बाहेर रेडिओ ओरडतोय, अर्धं सभागृह हसतंय. तुला कधी कळलं?"

"आत्ता. तुझ्याकडून."

आल्वारेस खुर्चीत बसला. "तू खोटं बोलला नाहीस, हे मला पटतं, ऑर्विल. आमच्या मंत्र्यांना कसं पटवू?"

मग फोन वाजला. "टेट, एक महत्त्वाचं कळवायचंय," हॅस्टिंग्ज म्हणाले.

आल्वारेसला त्याच्या सरकारने परत बोलावलं. त्याच्या जागी नवा माणूस आला. टेटनी त्याला कॉफी विचारली.

"घेतो की," तो म्हणाला. "तुमच्याकडे काय ठरलंय ते आधी बाहेर विचारून येतो."

टेट हसले. मला मात्र तो कप ओतताना लाज वाटली.

मित्रांनो, घरात पोटभर भांडा. पण ज्याला दारात उभं करून शब्द द्यायला लावलाय, त्याला घरचा निर्णय सगळ्यांच्या आधी सांगा. नाहीतर त्याला बोलायला पाठवू नका.